सोवळे, मंत्रचळ आणि बदलणारा मेंदू



'तिला मंत्रचळ लागलाय' हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकीने कधी ना कधी ऐकलेले असते. एखादी बाई तासन् तास मोरीत हात धुते, धुतलेली भांडी पुन्हा पुन्हा विसळते, कुलूप लावून निघाली की वळणावरून परत येऊन ते ओढून पाहते. शेजारणी हसतात. सासू सगळ्या भावकीत सांगत सुटते. नवरा पाण्याच्या बिलावरून आरडाओरडा करतो. बाई गप्प बसते आणि घरातले झोपल्यावर पुन्हा मोरीत जाते. हा चेष्टेचा विषय नाही, आजार आहे. डॉक्टर त्याला 'ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर', थोडक्यात 'ओसीडी' म्हणतात. हा आजार बरा होताना माणसाच्या मेंदूचे काम बदलते, आणि हा बदल यंत्रावर पाहता येतो, हे गेल्या तीस-पस्तीस वर्षांत दिसून आले आहे. बायकांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या आपल्यासाठी या गोष्टीला फार महत्त्व आहे असे आम्हाला वाटते. ते का, यासाठी हे टिपण.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून करू. नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये आपल्या वडिलांची हकिगत सांगितली आहे. १८५७च्या बंडानंतरच्या धरपकडीत लक्ष्मीबाईंच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, फाशी झाली. त्या धक्क्यानंतर वडिलांना सोवळ्याने असे काही पछाडले की बाहेरून आलेली प्रत्येक जिन्नस धुतल्याशिवाय घरात येईना. धान्य तर सोडाच, मीठ-साखरेपर्यंत हे धुणे पोचले. मीठ धुतले तर काय उरणार? पण हा प्रश्न विचारायची सोय घरात कोणाला नव्हती. हुकूम वडिलांचा, आणि राबणूक आईची व पोरीबाळींची.

दीडशे वर्षांनंतर आपण कोणाच्या वडिलांच्या आजाराचे निदान करू नये. पण ही हकिगत वाचून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली म्हणजे सोवळे हा त्या काळच्या ब्राह्मण घरातला रिवाज होता, तो सगळेच पाळत. जलालपूरच्या या घरात जे चालले होते ते मात्र रिवाजाच्या पलीकडचे होते, आणि ते त्या काळच्या सोवळे पाळणाऱ्या माणसांनाही कळत होते. दुसरी गोष्ट अशी की त्या भीतीला आकार दिला तो समाजानेच. कोणाच्या स्पर्शाने बाटतो, कशाने विटाळ होतो, काय धुतले म्हणजे शुद्ध होते, हे सारे त्यांना जातीने शिकवले होते. काळाराम मंदिरात जाण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी ज्या नाशिकमध्ये सत्याग्रह सुरू झाला, त्याच मुलखातली ही गोष्ट आहे. शुद्ध-अशुद्धाचे जे वेड समाज राजरोस पाळत होता, तेच एका घरात हाताबाहेर गेले होते.

ओसीडीत नेमके हेच होते. भीतीला लागणारे सामान समाज पुरवतो. १९८०-९०च्या दशकांत एड्सची धास्ती पसरली तेव्हा अनेक रुग्णांच्या मनात तीच भीती येऊन बसली. २०२०च्या कोरोनाने ती जंतूंवर नेली. आपल्याकडे बायकांच्या वाट्याला त्यात विटाळ येतो, पाळी येते, बाळंतपण येते, देवघर येते. जुलै २०२२मध्ये त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या एका आश्रमशाळेतल्या मुलीने, पाळी आलेल्या मुलींना झाडे लावू दिली नाहीत, अशी तक्रार केली होती. तू हात लावलास तर झाड जळेल, असे ज्या मुलींच्या कानांवर पडते त्या सगळ्याच काही आजारी पडत नाहीत. पण त्यांच्यातल्या एखादीला हा आजार व्हायचा असेल, तर तिच्या भीतीने कोणते रूप घ्यायचे हे आपण आधीच ठरवून ठेवलेले असते.

आता आजाराकडे वळू. यात दोन गोष्टी एकमेकींना धरून असतात. एक म्हणजे नको असताना मनात घुसणारा विचार: हाताला घाण लागली, गॅस चालू राहिला, माझ्या हातून कोणाचे वाईट होईल. दुसरी म्हणजे त्या विचाराने होणारी तगमग शमवण्यासाठी पुन्हा पुन्हा करावी लागणारी कृती: धुणे, तपासणे, मोजणे, मनात ठरावीक शब्द म्हणणे, 'सगळे ठीक आहे ना' असे घरच्यांना विचारत राहणे. हे निरर्थक आहे हे तिला बहुतेक वेळा पुरते ठाऊक असते. तिला बुद्धी नाही, ती हट्टी आहे किंवा रिकामटेकडी आहे, हे सारे खोटे. हात धुतला की क्षणभर बरे वाटते. ते बरे वाटणे हाच सापळा आहे. मेंदू शिकतो की धुतले म्हणून वाचलो, आणि पुढच्या वेळी भीती जास्त जोराने येते.

कपाळाच्या मागे, डोळ्यांच्या वरच्या बाजूला मेंदूचा एक भाग असतो. 'काहीतरी चुकतेय' अशी सूचना देण्यात त्याचा वाटा असतो. ती सूचना मेंदूच्या आत खोलवर असलेल्या 'कॉडेट' या भागाकडे जाते. कुठली गोष्ट पुढे जाऊ द्यायची आणि कुठली थांबवायची, कुठली सवय चालू ठेवायची, या कामात कॉडेटचा सहभाग असतो. तिथून 'थॅलॅमस' या भागामार्गे फेरा पुन्हा कपाळामागच्या भागाकडे येतो. दाराला कडी घातली की आपल्या मेंदूतला हा फेरा पुरा होतो आणि आपण पुढच्या कामाला लागतो. ओसीडीत तो पुरा होत नाही. डोळ्यांना कडी दिसते, हाताला लागते, तरी 'चुकतेय, चुकतेय' ही सूचना थांबत नाही. जात्यातून पीठ बाहेर पडूच नये आणि जाते नुसतेच फिरत राहावे, तशी ही गत.

या आजाराला फारसा इलाज नाही असे बराच काळ मानले जाई. १९६६ साली लंडनमध्ये व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञाने एक वेगळी रीत वापरली. रुग्णाने ज्या गोष्टीची भीती वाटते तिच्याजवळ जायचे आणि मग जी कृती केल्याशिवाय राहवत नाही ती करायची नाही. तगमग वाढते, टिकते आणि काही न करताही हळूहळू उतरते. हे पुन्हा पुन्हा अनुभवले की मेंदू नवी गोष्ट शिकतो. आज ही रीत या आजारावरच्या मुख्य उपचारांपैकी एक आहे. दुसरा उपचार औषधांचा: फ्लुओक्सेटीन, फ्लूवोक्सामीन, सर्ट्रालीन यांसारखी, किंवा त्याआधीचे क्लोमिप्रामीन. या औषधांचा गुण यायला आठ-दहा, कधी बारा आठवडे लागतात. म्हणून दोन आठवड्यांत 'काही फरक नाही' म्हणत गोळ्या बंद करू नयेत, आणि बरे वाटल्यावरही डॉक्टरांना न विचारता एकदम सोडू नयेत.

१९९२ साली अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात लुईस बॅक्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही रुग्णांना फ्लुओक्सेटीन दिले, काहींवर औषधाविना वर सांगितलेल्या रीतीने उपचार केले. मेंदूचा कुठला भाग किती साखर वापरतो हे दाखवणाऱ्या यंत्राने उपचाराच्या आधी आणि सुमारे दहा आठवड्यांनंतर तपासणी केली. ज्यांना गुण आला त्यांच्या उजव्या बाजूच्या कॉडेटचे जादा चाललेले काम कमी झालेले दिसले. गोळ्या घेतलेल्यांमध्ये तसे झाले, आणि एकही गोळी न घेता भीतीला तोंड द्यायला शिकलेल्यांमध्येही झाले. १९९६ साली याच गटातल्या जेफ्री श्वार्ट्झ यांनी आणखी काही रुग्णांत, केवळ वर्तनोपचाराने, तोच बदल दाखवला. उपचाराआधी मेंदूचे हे भाग जणू एकमेकांत अडकून एका तालावर चालत होते. गुण आलेल्यांमध्ये ही गाठ सैल झाली. २००९मधल्या एका अभ्यासात तर चार आठवड्यांच्या सलग उपचारांनंतरही मेंदूच्या कामात फरक दिसून आला.

हे अभ्यास थोड्या माणसांवरचे आहेत, हे विसरू नये. मेंदूचे चित्र काढून एखाद्या बाईला ओसीडी आहे की नाही हे सांगता येत नाही. तशा तपासणीसाठी कोणी हजारो रुपये मागत असेल तर सावध राहावे. दुसरे असे की जुनी भीती पुसली जात नाही. तिच्या शेजारी नवी शिकवण उभी राहते आणि सरावाने जोर धरते. म्हणून घरात मृत्यू, बाळंतपण, भांडणतंटा असा ताण आला की जुनी वाट पुन्हा उघडू शकते. ते अपयश मानू नये. एकदा शिकलेली गोष्ट पुन्हा शिकायला पहिल्याइतके कष्ट सहसा पडत नाहीत.

इथे काही मैत्रिणी शंका घेतील, आणि ती रास्त आहे. बाईच्या दुःखाला 'मेंदूचा बिघाड' म्हटले की घरातला छळ, राबणूक, दारिद्र्य सगळे नजरेआड होते. बाई बोलली की ती वेडी, हा पितृसत्तेचा जुना डाव आहे. पुण्याच्या बापू ट्रस्टच्या भार्गवी दावर यांनी १९९९ साली भारतीय स्त्रियांच्या मानसिक आरोग्याची स्त्रीवादी मांडणी करणारे पुस्तक लिहिले, त्यामागेही हीच काळजी होती. पण मेंदूबद्दलची ही माहिती नीट वाचली तर उलटीच गोष्ट दिसते. मेंदू ही कपाळावरची रेघ नव्हे. बाई जे करते, जे करायचे थांबवते, तिच्या भोवतालचे लोक तिच्याशी जसे वागतात, त्याने मेंदू घडतो आणि बदलतो. मुलगी म्हणून जन्मलो तर असेच वागायचे, हे आपण नाकारतो. 'हा माझा स्वभावच आहे' हेही तिला नाकारता येते, आणि त्याला आता शास्त्राचा आधार आहे.

मात्र यातून 'मनावर घे, होईल' असे कोणी काढू नये. हा उपचार म्हणजे स्वतःच्या भीतीसमोर रोज थोडे थोडे उभे राहणे, आणि त्यासाठी सोबत लागते. शिकलेला समुपदेशक बाईबरोबर बसून एक शिडी तयार करतो. खालच्या पायरीवर सोपी गोष्ट: दाराच्या कडीला हात लावून दहा मिनिटे न धुणे. मधल्या पायरीवर एस.टी.चा दांडा धरून प्रवास करणे आणि घरी येऊन कपडे न बदलता चहा पिणे. वरच्या पायरीवर जे तिला आज अशक्य वाटते ते. पायऱ्या तीच ठरवते, वेगही तीच ठरवते. तिच्या संमतीशिवाय नळाची चावी काढून घेणे, न्हाणीला कुलूप लावणे, हात धरून घाणीत घालणे हा उपचार नव्हे, ती हिंसा आहे. आपल्या केंद्रात अशी तक्रार आली तर ती हिंसा म्हणूनच नोंदवली पाहिजे.

घरच्यांच्या वागण्याची दुसरी तऱ्हा प्रेमाची असते. मुले शाळेतून आली की ती दारातच कपडे काढून त्यांना आंघोळ घालते, नवरा तिच्या सांगण्यावरून चार वेळा कुलूप पाहून येतो, मुलगी दिवसभर 'हो ग आई, स्वच्छ आहे' म्हणत राहते. त्या क्षणी तिला बरे वाटते, आजार मात्र पोसला जातो. ओरडणेही नको आणि भीतीच्या कामात मदतही नको, हे घरच्यांना शिकावे लागते. 'तुला भीती वाटते हे मला समजते, मी तुझ्याजवळ बसते, पण पुन्हा तपासून येणार नाही' असे म्हणता आले पाहिजे. लक्ष्मीबाईंच्या घरात हुकूम देणारा पुरुष होता म्हणून सारे घर मीठ धुवायला बसले. आजारी माणूस बाई असेल तर तिला मार बसतो, किंवा माहेरी पाठवले जाते. एकच आजार, पण घरातल्या सत्तेप्रमाणे त्याचे भोग वेगळे होतात.

शिवाय बाईचा आजार लवकर दिसतच नाही. धुणे-पुसणे हेच तिचे काम ठरलेले, तेव्हा 'सून फार स्वच्छ आहे' असे कौतुक होते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर तालुक्यांत पावसाळ्यात धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट. तिथे ज्या बाईला हा आजार असेल तिने काय करावे? तिचे दुखणे 'पाण्याची नासाडी' या एकाच नावाने ओळखले जाते.

याहून जास्त लपून राहतात ते मनात येणारे विचार. देवापुढे हात जोडले की अश्लील चित्र डोळ्यांसमोर येते. नुकती बाळंत झालेली बाई विळी पाहते आणि तिच्या मनात येते, 'या हाताने मी बाळाला कापले तर?' ती हादरते, विळी माळ्यावर टाकते, बाळाला जवळ घ्यायचे टाळते. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर ओसीडी सुरू होण्याचा किंवा वाढण्याचा धोका जास्त असतो. या विचारांनी घाबरणारी आई ते करू इच्छित नसते, म्हणून तर ती घाबरते. तिला राक्षसीण म्हणून बाळ काढून घेणे हा मोठा अन्याय ठरेल. याउलट, बाळंतपणानंतर जिला भास होतात, भलतेच आवाज ऐकू येतात, किंवा बाळाबद्दलच्या भयंकर कल्पना जिला खऱ्या आणि योग्य वाटतात, तिचा आजार वेगळा असतो. तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. आशाताई, अंगणवाडी सेविका आणि आपल्या कार्यकर्त्या यांना हा फरक ठाऊक असला पाहिजे.

कायद्याचे काही मुद्दे प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर लिहून ठेवावेत. 'माझी बायको वेडी आहे' म्हणून घटस्फोट मागणारे नवरे आपल्याकडे नेहमी येतात. हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजाराचे कारण आहे, पण रामनारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या खटल्यात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आजाराचे नुसते नाव पुरेसे नाही. तो इतका तीव्र असला पाहिजे की जोडीदाराने एकत्र राहावे अशी वाजवी अपेक्षाच करता येणार नाही. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८पासून लागू आहे. त्याच्या कलम ३ प्रमाणे मानसिक आजाराचे निदान झाले म्हणजे माणूस कायद्याने 'मनोविकल' ठरत नाही. कलम १४ प्रमाणे बाईला आपला प्रतिनिधी स्वतः नेमता येतो, साध्या कागदावर, सही किंवा अंगठा करून. तो नवराच असला पाहिजे असे नाही. बहीण, मैत्रीण, कोणीही सज्ञान आणि तयार असलेली व्यक्ती चालते. हा कागद आजार बळावण्याआधी करून ठेवावा.

आता सोयींबद्दल. जगभरचे अंदाज सांगतात की शंभरात दोघा-तिघांना आयुष्यात कधी तरी हा आजार होतो. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात हे प्रमाण हजारात साधारण आठ निघाले. पण त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हताच. राज्यातली चार जुनी मनोरुग्णालये पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला. नाशिककरांनी त्याचे वाईट वाटून घ्यायचे कारण नाही, कारण ओसीडीच्या बहुतेक रुग्णांना भरती व्हावे लागत नाही. त्यांना दर आठवड्याला भेटणारा प्रशिक्षित समुपदेशक लागतो, आणि नेमकी तीच गोष्ट दुर्मीळ आहे. जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार विभागात गोळ्या मिळतात, पण गर्दीच्या ओ.पी.डी.त शिडी कोण बांधणार? १९९८ साली स्थापन झालेले राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्येच आहे. त्याच शहराच्या आसपासच्या तालुक्यांतल्या बायकांना हा उपचार मिळू नये हे बरोबर नाही. ग्रामीण रुग्णालयांत आठवड्यातून एक दिवस तरी प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ बसला पाहिजे, ही मागणी आपल्या निवेदनांत आली पाहिजे. तोवर 'टेलि-मानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक मराठीतही बोलतो. तो बचत गटांत, वस्तीत, पाण्याच्या रांगेत सांगावा.

आपल्याकडे येणाऱ्या बाईला मारहाणीबद्दल विचारतो तसे हेही विचारू या: दिवसाचे किती तास यात जातात? थांबवायचा प्रयत्न केलास तर काय होते? मनात असे काही येते का, जे कोणाला सांगायची लाज वाटते? पहिल्या भेटीत ती नाही म्हणेल. तिसऱ्या भेटीत कदाचित सांगेल. तेव्हा अंगारे-धुपारे, उपास, नवस यांत तिची आणखी वर्षे जाऊ नयेत. ओसीडीचा रुग्ण उपचारापर्यंत पोचायला बहुधा वर्षेच घेतो, आणि त्यातला मोठा वाटा लाजेचा असतो.

लक्ष्मीबाईंकडे पुन्हा एकदा पाहू. सोवळ्याने गांजलेल्या घरात वाढलेल्या या बाईने, नवरा १८९५ साली ख्रिस्ती झाल्यानंतरही, स्वतःचे पाणी आणि स्वयंपाक वेगळा ठेवला होता. पुढे तिने स्वतःच विचार केला आणि माणसामाणसांतला विटाळ सोडून दिला. लक्ष्मीबाई आजारी नव्हत्या, त्यांनी सोडला तो रिवाज. पण बालपणापासून अंगात भिनलेली भीती आपल्या विचाराने आणि रोजच्या वागण्याने मागे टाकता येते, याची साक्ष आपल्या जिल्ह्याला शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच मिळालेली आहे. ज्या बाईला आजार आहे तिला हेच काम जास्त अवघड जाते. तिला औषध लागेल, वेळ लागेल, सोबत लागेल. औषध डॉक्टर देतील, वेळ तिचा ती घेईल. सोबतीचे काम संघटनेचे आहे.